नवरी कोणत्या हाताला

माझ्या नाकावर राग बसलेला असतो, असं माझी बायको लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत आली आहे. मी ते कधी मनावर घेतलं नाही. रागीट माणसाला आपला राग म्हणजे सरळपणा वाटतो. तसा तो मलाही वाटायचा, पण एका लग्नात मी एका बाईवर ओरडलो आणि तेव्हापासून ती समजूत मला परवडेनाशी झाली.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. नंदुरबारात तेव्हा फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचं आणि पडद्यावर रंगवलेल्या तलावापुढे श्वास धरून बसायचं. फोटोवाल्याने लग्नासाठी गावोगाव जायचं हे नवीनच खूळ होतं, आणि ते माझ्या डोक्यात शिरलं होतं. जवळ एक जुना घडीचा कॅमेरा होता, भाता उघडून डोळ्याला लावायचा. त्याच्यावर मी दोन वर्षं जमेल तशी लग्नं केली. वडील मिरचीच्या बाजारात तोलाईचं काम करायचे. त्यांनी एके दिवशी जेवता जेवता सांगून टाकलं, "अखजीपावत तुन्हा खेळ. जमनं ते जमनं. नही ते पथारीवर ये."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि पथारी म्हणजे गावाबाहेरची ती रानं, जिथे लाल मिरची वाळत घालतात. मी तिथे दोन हंगाम काढले होते. संध्याकाळी आंघोळीला बसलं की पाणी अंगावर पडताच हात पेटायचे, आणि झोपेतसुद्धा शिंका यायच्या. पुन्हा तिकडे जायची माझी तयारी नव्हती.

त्याच सुमारास मला खरं लग्न मिळालं. शहाद्याच्या अंगाला, तापीकाठच्या एका गावात, केळी आणि कापूस पिकवणाऱ्या गुजर शेतकऱ्याच्या थोरल्या मुलीचं. त्या माणसाला आसपासच्या दहा गावांत मान होता. त्याच्या घरी फोटो चांगले आले तर पुढची लग्नं चालत येणार होती. बिघडले तर पथारी ठरलेली.

जुन्या कॅमेऱ्यावर ते लग्न निभणार नाही, हे मला माहीत होतं. सुरतेला जाऊन काहीतरी नवीन आणायला हवं होतं, आणि आणता येणार होती एकच वस्तू. एक तर फ्लॅशगन घ्यायची, ती जुन्या कॅमेऱ्याला जोडता आली असती. नाही तर जुना कॅमेरा दुकानदाराला देऊन टाकून त्याच्या बदल्यात वापरलेला दोन भिंगांचा कॅमेरा घ्यायचा. तो पोटाशी धरतात, वरचं झाकण उघडतात आणि मान खाली घालून आतल्या काचेवर चित्र बघतात.

बायको भाकरी थापत होती. तिने विचारायचीसुद्धा वाट पाहिली नाही. "लगीन गोरजले लागस. तव्हय उजेड कोठे ऱ्हास? तुम्ही फ्लॅशच ल्या."

तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. मी म्हटलं, "तुले काय समजस त्यामातलं?"

"मले उजेड समजस," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

माझंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गुजर घरांत बायका मोठ्या माणसांपुढे आणि परक्यापुढे लाज काढतात, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतात. मी कॅमेरा डोळ्याला लावला की समोरची सगळी डोकी वळायची आणि पदर खाली यायचे. दोन वर्षांत मी नवऱ्या किती काढल्या ते विचारू नका. कापडं काढली म्हणा. पण एका लग्नात सुरतेचा एक फोटोवाला आला होता, दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन. तो मान खाली घालून उभा राहायचा, जमिनीवर काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखा. बायकांना तो आपल्याकडे बघतोय असं वाटतच नव्हतं. पदर कपाळापर्यंतच राहिले आणि त्याला चेहरे मिळाले. मी ते पाहिलं आणि तेव्हापासून तो कॅमेरा माझ्या मनातून जाईना.

मी असा हिशेब केला, की गोरजाच्या वेळचा अंतरपाटाचा फोटो नाही आला तर नाही आला. दुसऱ्या दिवशी पाठवणीआधी अंगणात नवरा-नवरीला पाटावर बसवायचं आणि तो एक फोटो असा काढायचा की नवरीचा चेहरा स्वच्छ दिसेल. तापीकाठी कुणाच्या भिंतीवर नसेल असा फोटो.

सुरतेच्या दुकानात म्हातारा मालक होता. त्याने माझा जुना कॅमेरा उघडून भात्याची भोकं उजेडात तपासली आणि तो मागे टाकला. मग दोन भिंगांचा माझ्या हातात देऊन काच दाखवली. चित्र सुलट उभं दिसत होतं, पण डाव्याचं उजवं झालेलं. आरशातल्यासारखं. तो म्हणाला, सवय होईपर्यंत त्रास होईल, मग हात आपोआप शिकेल. मी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला जाणवलं की आता माझ्याकडे परतायला जुनं काही राहिलेलं नाही.

सवय करायला महिना मिळाला. गल्लीतून माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की काचेत तो उजवीकडून डावीकडे जायचा, मी कॅमेरा भलतीकडे फिरवायचो आणि तो निसटून जायचा. बायको दारात उभी राहून हसायची. मी चिडायचो आणि पुन्हा करायचो. महिन्याभरात हात बऱ्यापैकी वळला. निदान मला तसं वाटलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उशिरा आलं, गोरज टळून गेली, आणि अंतरपाटाचे मी काढलेले चार फोटो काळे येणार हे काढतानाच कळलं. सगळा भार दुसऱ्या दिवसावर आला. दुसऱ्या दिवशीही तेच. पाहुण्यांची जेवणं लांबली, कुणी रुसलं, कुणाची समजूत घालण्यात वेळ गेला. अंगणात पाट मांडले तेव्हा ऊन भिंतीच्या वर सरकलं होतं. नवऱ्याकडची माणसं ट्रकपाशी उभी राहून हाका मारत होती. रोलात एकच फोटो उरला होता आणि दुसरा रोल माझ्याकडे नव्हता.

नवरा कट्यार घेऊन बसला. शेजारी नवरी बसली. मी मान खाली घातली आणि काचेत पाहिलं. नवरी चुकीच्या बाजूला दिसत होती.

नवरीची जागा नवऱ्याच्या डाव्या हाताला. समोरून बघणाऱ्याला ती उजवीकडे दिसते. दोन वर्षं मी डोळ्याला कॅमेरा लावून तेच पाहत आलो होतो, नवरी उजवीकडे दिसली की बोट दाबायचं. आता काचेत ती डावीकडे होती. ऊन चाललेलं, ट्रकचा भोंगा वाजतोय. काच आरशासारखी आहे हे त्या क्षणी मला आठवलं नाही. मी ओरडलो, "नवरीले तिकडली बाजूले बठाडा! उलटी बठेल शे!"

नवरा घुटमळला. नवरीचा बाप म्हणाला, "फोटोवाला सांगस तशे बठा." दोघं उठली आणि जागा बदलायला लागली.

तेवढ्यात ओसरीच्या दारातून एक बाई बोलली. नवरीची फुई, म्हणजे बापाची बहीण. मुलींची आई लवकर गेलेली. दोन्ही मुली या फुईनेच वाढवल्या होत्या, हे मी आदल्या दिवशी ऐकलं होतं. ती विधवा होती, म्हणून दोन्ही दिवस मांडवात आली नव्हती, दारातूनच बघत होती. ती म्हणाली, "भाऊ, पोर बठेल व्हती तेच बरोबर. डावा हातलेच व्हती ती."

मी मान वर न करता गरजलो, "माय, मले काचमा दिखी ऱ्हायनं! तुम्ही मधमा बोलू नका!"

मग नवरीच्या बापाने दाराकडे पाहून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तू घरमा जाय. शुभ टाइम शे." दार रिकामं झालं. नवरीने तिकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. पदर कपाळावरच होता. चेहरा काचेत स्वच्छ दिसत होता, आणि आता ती उजवीकडे होती, माझ्या सवयीची. मी बोट दाबलं.

नंदुरबारला आल्यावर धान्याच्या कोठीच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून मी रोल धुतला. वाळल्यावर उजेडाकडे धरला. शेवटचा फोटो. पांढऱ्या जागी काळं आणि काळ्या जागी पांढरं, तरीही चेहरा कसा आलाय ते कळत होतं. असा चेहरा मी कधी काढला नव्हता. मी बायकोला हाक मारणार होतो.

मग मला नवरी डावीकडे दिसली.

फिल्म उलटी धरली असेल म्हणून मी ती फिरवली. नवरी उजवीकडे गेली. जीव भांड्यात पडला, पण बोटाला वरची बाजू खरबरीत लागली. चकचकीत बाजू आपल्याकडे असेल तरच चित्र सुलट असतं. पुन्हा फिरवली. चकचकीत बाजू वर, नवरी डावीकडे. तीन-चार वेळा मी ती फिल्म उलटसुलट केली, जसं काही फिरवून फिरवून नवरी कधीतरी जागेवर येईल. मग भिंतीला टेकून खाली बसलो. ती फुई खरं बोलत होती आणि मी तिला अख्ख्या मांडवासमोर गप्प केलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

आणि दुसरी भीती लगेच मागून आली. असा फोटो सासरच्या भिंतीवर लागणार होता, नवऱ्याच्या उजव्या हाताला बसलेली बायको. पुढे त्या घरात काहीही वाईट झालं की लोक त्या फोटोकडे बोट दाखवणार होते. तापीकाठी मला कुणी पुन्हा दारात उभं करणार नव्हतं.

बायकोने फिल्म पाहिली आणि एका वाक्यात मार्ग सांगितला. "फिल्मच उलटी ठेवीसन छापा ना."

तसं छापता येतं. नवरी डाव्या हाताला येते, पण मग सगळंच उलटतं. कट्यार नवऱ्याच्या डाव्या हातात गेली. लग्नातलं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं. ते मी बारीक कुंचल्याने पुसून टाकलं. गुजर बायकांचा पदर पाठीवरून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढे सोडतात. तो डाव्या खांद्यावर आला. पदर पुसता येत नाही.

"लोक तोंड दखतस," बायको म्हणाली. "खांदा कोन दखस?"

मी दोन्ही फोटो छापले, खरा आणि उलटवलेला, आणि वेगवेगळ्या पाकिटांत घातले. खरं सांगायचं की नाही, हे जाताना वाटेत ठरवू, असं स्वतःला सांगितलं. चुकणाऱ्या माणसाला वाट नेहमी लांब हवी असते.

अखजीला लेकी माहेरी येतात. ती नवरीही आली होती, सोबत तिचा दीर पोचवायला आलेला. घरी झोका बांधला होता, मुली गाणी म्हणत होत्या. ओट्यावर पुरुष बसले होते. एसटीतून उतरून चालत येताना मी चार वेळा ठरवलं की खरा फोटो काढायचा आणि चूक कबूल करायची. ओट्यावर पोचल्यावर पाहिलं तर माझा हात उलटवलेल्या फोटोच्या पाकिटात गेला होता.

बापाने फोटो दोन्ही हातांनी धरला. तो उजेडाकडे नेला, मग डोळ्यांजवळ आणला. मग तो दिराला म्हणाला, "दखा. पोर जशी बोली ऱ्हायनी." दिराने फोटो घेतला, शेजारच्याकडे दिला, तो पुढे गेला. कुणी कट्यार पाहिली नाही. कुणी खांदा पाहिला नाही. एक म्हातारा म्हणाला, असा फोटो शहाद्यालाही निघत नाही. बाप माझ्याकडे वळला. "धाकलीनं लगीन बी तूच काढजो. आन मन्हा भाऊबंदसना घरना बी."

म्हणजे मी वाचलो होतो. पथारी गेली. मला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. फोटो घरात बायकांकडे गेला आणि मी चहाची बशी तोंडाला लावली.

चहा संपायच्या आत एक मुलगी येऊन म्हणाली, फुईने मागल्या दाराशी बोलावलंय.

ती गोठ्याजवळ उभी होती, हातात फोटो. चाळिशीची असेल, मला वाटलं होतं त्यापेक्षा तरुण. तिने फोटो माझ्यापुढे धरला आणि नवरीच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"हाऊ पदर मी बसाडेल व्हता. टाचणी मीच लायेल व्हती. उजवा खांदावर."

मी पिशवीतून दुसरं पाकीट काढलं आणि खरा फोटो तिच्या हातात दिला. तिने दोन्ही शेजारी शेजारी धरले. आत मुली गात होत्या. तिने सावकाश, एकेक गोष्ट ताडून पाहिली: कट्यार, मनगट, पदर, बसायची जागा.

"मंग मी खरी व्हती," ती म्हणाली.

"हा माय. तुम्ही खऱ्या व्हत्या. मन्ही चूक. मी तुमनावर वरडनू, ती बी चूक."

तिने खरा फोटो मला परत दिला. "हाऊ कोनले दखाडू नको. पोरनी सासूनी दखा ते ती पोरले बोलई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन त्या दिनपशी मन्हा भाऊ मन्हासंगे बोलत नही. शुभ टाइमले इधवा मधमा बोलनी, म्हनस. पोरले ताप उना तरी मन्हंच नाव. तू फोटोनं काही सांगू नको. एवढंच सांग, का फुई जे बोलनी ते बरोबर व्हतं. तुन्हा तोंडथून सांग. तुन्हं तो ऐकई."

"सांगस," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

ओट्याकडे परत जाताना मी वाक्य जुळवत होतो. फुई बरोबर होती म्हटलं, तर मग मी चूक होतो. मी चूक होतो, तर जागा बदलली ती चुकीची. मग फोटोत नवरी बरोबर कशी? पहिलाच प्रश्न तो येणार होता, आणि त्याचं उत्तर माझ्या पिशवीत होतं. फोटोचं न सांगता फुईचं सांगायला वाटच नव्हती. तिला हे कळलं नव्हतं. मला दहा पावलांत कळलं.

ओट्यावर बापाने जागा करून दिली. भाऊबंदांपैकी एकजण माझी वाट बघत होता, त्याच्या घरचं लग्न कार्तिकानंतर होतं. तो विचारत होता, किती रोल आणशील, नवरीचं तोंड असंच येईल ना. मी त्याला उत्तरं दिली. मग दुसऱ्याने काही विचारलं, त्यालाही दिली. एकदा वर पाहिलं तर ओसरीच्या दारात ती उभी होती, आत, सावलीत. माझं बोलणं ऐकत होती. मी बोलत राहिलो, रोलांविषयी, उन्हाविषयी, अंगण कोणत्या दिशेला हवं त्याविषयी. मग एसटीची वेळ झाली आणि मी उठलो.

घरी बायकोने विचारलं, "सांगं का खरं?" मी तिच्यावर ओरडलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या हंगामात त्या गावांत मी अकरा लग्नं केली. वडील बाजारात लोकांना माझं कौतुक सांगायला लागले. दर लग्नाला जाताना मी ठरवायचो, त्या पहिल्या घरी गेलो की नवरीच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचं. आता नाव झालंय, आता काय बिघडणार आहे. धाकट्या मुलीच्या लग्नाला मी अगदी तयारीने गेलो. मांडवात शिरल्याबरोबर ओसरीच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पहिला दिवस गेला, हळद झाली, लग्न लागलं, फुई कुठेच दिसली नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात पाट मांडले, तेव्हा मी बापाला विचारलं, "फुई कोठे शे?"

"खापर गावले धाडी दिन्ही, तिन्ही नणंदकडे," तो म्हणाला. "आठ दिन तठेच ऱ्हाई. मांगला टाइमले मधमा बोलनी, तुलेच तरास व्हयना ना. म्हनीसन धाडी."

तो माझ्याकडे बघून हसला, पाहुण्याची सोय नीट केल्यावर यजमान हसतो तसा. नवरा-नवरी पाटावर येऊन बसली. नवरी भरल्या डोळ्यांनी ओसरीकडे बघत होती. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, मान खाली घातली, आणि हात वर करून नवरीला नवऱ्याच्या डाव्या हाताला नीट सरकवून घेतलं. मधे कुणीही बोललं नाही.